नऊ दिवसांचे सभासद

आमच्या घरात कुपनं भरायचं खातं ह्यांच्याकडे आहे. पेट्रोल पंप, साडीचं दुकान, प्रदर्शन, जिथे म्हणून पेटी दिसेल तिथे थांबून नाव, गाव, मोबाईल नंबर लिहायचा. एवढ्या वर्षांच्या संसारात या पेट्यांनी आम्हाला एक स्टीलचा डबा आणि एक भिंतीवरचं घड्याळ दिलं. डिसेंबर २०२३ मध्ये एका प्रदर्शनात ह्यांनी असंच एक कुपन टाकलं आणि जानेवारीत फोन आला. तीन दिवस, दोन रात्री रिसॉर्टचा मुक्काम मोफत. अट एकच, नवरा-बायको दोघांनी मिळून यायचं, नव्वद मिनिटं बसायचं आणि येताना ओळखपत्र आणि क्रेडिट कार्ड आणायचं. ओळखपत्राचं समजू शकते. मोफत वस्तू घ्यायला जाताना क्रेडिट कार्ड कशाला, हा प्रश्न तेव्हाच पडायला हवा होता.

कोल्हापुरात स्टेशन रोडवरच्या एका हॉटेलचा हॉल. रविवार, १४ जानेवारी, भोगी. भोगीची भाजी आणि तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी टोपलीत झाकून ठेवल्या, दीडपर्यंत येतो असं सासऱ्यांना सांगून आम्ही साडेअकराला निघालो. परतलो तेव्हा सव्वाचार झाले होते.

आत गोल टेबलं, प्रत्येक टेबलावर एक कुटुंब आणि एक टाय लावलेला मुलगा किंवा मुलगी. पडद्यावर समुद्र, गाणी मोठ्यांदा, मुलांना कोपऱ्यात रंगवायला कागद. मध्येच कुणीतरी घंटा वाजवायचं, "अमुक परिवाराचं स्वागत", आणि सगळ्या हॉलने टाळ्या वाजवायच्या. आमच्या टेबलावरचा मुलगा माझ्याकडे बघून उठून उभाच राहिला. "मॅडम, ओळखलंत का? आठवी क." मी हायस्कूलला गणित शिकवते. आठवीला चक्रवाढ व्याज असतं, ते त्याला मीच शिकवलं होतं. इथपर्यंत सगळं घरचंच वाटत होतं. त्याने तिळगूळ दिला, गोड बोला म्हणाला आणि कागद पुढे ओढला.

"शेवटची ट्रिप कुठे केली?" गोवा, तीन रात्री, आम्ही दोघं आणि दोन मुलं. रात्रीला सहा हजार पडले होते. सभासद झालं की पंचवीस वर्षं, दरवर्षी रिसॉर्टमध्ये सात रात्री, म्हणून त्याने सहा हजार गुणिले सात केलं, बेचाळीस हजार. "महागाई दरवर्षी दहा टक्के धरू या?" धरू या. मग त्याने फोनवर आकडे टाकले आणि पेनाने मोठ्ठा आकडा लिहून त्याला गोल केला: पंचवीस वर्षांत ४१ लाख ३० हजार. "एवढे तुम्ही हॉटेलवाल्याला देणार आहात, मॅडम." त्याच्या शेजारी दुसरा गोल: सभासदत्वाचे ४ लाख ६० हजार, एकदाच. आणि वर्षाची देखभाल फी १९,५००, गुणिले पंचवीस, म्हणजे ४,८७,५००.

सवय वाईट. मी त्याच्याच हातातलं पेन घेतलं. "हॉटेलला चक्रवाढ लावलीस आणि देखभाल फीला सरळ गुणाकार? फी काय पंचवीस वर्षं १९,५०० च राहणार आहे?" तो हसला. "वाढते थोडी." "मग तिलाही दहा टक्के लाव. आणि १८ टक्के जीएसटी कुठे आहे?" जीएसटी धरून फी झाली २३,०१०. तिला तीच दहा टक्क्यांची वाढ लावली तर पंचवीस वर्षांची नुसती फी साडेबावीस लाखांच्या वर जाते. त्याच्या चेहऱ्यावर आठवीतला तोच भाव आला, उत्तर बरोबर असून रीत चुकली की यायचा तो. शेजारच्या टेबलावरच्या बाई वळून बघायला लागल्या आणि दोन मिनिटांत मॅनेजर आले.

हे गृहस्थ पुण्याचे होते. मी जरा तापले की आमच्या पेठेतल्यासारखी "मी जातो, मी बघतो" असं बोलायला लागते, कोल्हापूरच्या बाईला त्यात काही वावगं वाटत नाही. त्यांना हसू आवरेना. पण बोलायला गोड. त्यांनी गणिताला हातच लावला नाही. मुळात किंमत ५ लाख २० हजार आहे, मी शिक्षिका म्हणून ४ लाख ६०, पंचवीस हजार आज, बाकी हप्ते, आणि हा भाव हॉलच्या बाहेर पडेपर्यंतच, एवढंच सांगितलं.

इथे थोडं थांबून सांगते, की ही टाइमशेअरची कल्पनाच मुळात लबाडीची आहे असं मला वाटत नाही. एका खोलीला वर्षाचे ५२ आठवडे. एकट्याने खोली घेऊन एकावन्न आठवडे कुलूप लावण्यापेक्षा बावन्न घरांनी मिळून ती वाटून घ्यावी. युरोपात १९६० च्या दशकात हे सुरू झालं. आपल्याकडे स्टर्लिंगने १९८६ मध्ये आणि महिंद्राने १९९६ मध्ये हा धंदा उभा केला. आम्ही ज्यांच्या हॉलमध्ये बसलो होतो ते या दोघांपैकी नव्हते. पूर्वी ठरलेली खोली आणि ठरलेला आठवडा असायचा. आता बहुतेक ठिकाणी रंग असतात. आमच्या कागदावर लाल म्हणजे गर्दीचा हंगाम, पांढरा म्हणजे मधला आणि निळा म्हणजे पावसाळा. लाल रंगवाला कधीही जाऊ शकतो, निळ्याने निळ्यातच जायचं. शाळेतल्या माणसाला सुट्टी मिळते ती दिवाळीत आणि मे महिन्यात, म्हणजे लालच घ्यायला हवा, म्हणजे सगळ्यात महाग. निम्म्या किमतीचा निळा माझ्या काही कामाचा नाही. जुलैमध्ये मी घटक चाचण्यांचे पेपर तपासत असते.

तरी आम्ही सही केली. का केली तेच सांगायचं आहे.

मॅनेजर उठून गेल्यावर हे हळू आवाजात म्हणाले, "आपण ठरवून कधी जातच नाही बघ. पैसे भरले की जावंच लागेल." ह्यांचा शिवाजी उद्यमनगरात छोटा मशीन शॉप आहे, दोन लेथ, एक मिलिंग आणि चार माणसं. डिस्पॅच असला की रविवार नाही, सण नाही. मोठी मुलगी दहावीला पोचली तरी तिने बापाबरोबर सलग आठवडा घालवलेला मला आठवत नव्हता. हे खोली विकत घेत नव्हते, सक्ती विकत घेत होते. एलआयसीचा हप्ता भरतात तसा सुट्टीचा हप्ता. माझ्याकडे या वाक्याला उत्तर नव्हतं. कार्ड घासलं, २५,००० गेले, घंटा वाजली, टाळ्या झाल्या. आम्हाला एक फाईल मिळाली आणि मोफत मुक्कामाचं व्हाउचर. ते फक्त सोमवार ते गुरुवार, एक महिना आधी कळवून, जेवणाचे पैसे वेगळे. ते पुढे तसंच मुदत संपून गेलं.

घरी सासरे भाकरी खाऊन बसले होते. आम्ही त्यांना आबा म्हणतो. कागल तालुक्यात ऊस आहे त्यांचा, संक्रांतीला आले होते. ह्यांनी मोठ्या उत्साहाने फाईल दाखवली. आबांनी चष्मा लावून वरचा एकच शब्द वाचला, कारण तेवढाच मराठीत होता: सभासद.

"व्हय रं, शेअर कितीचा?"

"शेअर नाही आबा, मेंबरशिप."

"वार्षिक सभेला बोलवत्यात?"

"नाही."

"चेअरमन कोण निवडतंय?"

"त्यांचं ते निवडतात."

"दिवाळीला साखर?"

आमच्याकडे सभासद हा शब्द साधा नाही. साखर कारखान्याचा सभासद म्हणजे त्याच्या नावाचा शेअर असतो, मत असतं, सभेत उभं राहून चेअरमनला चार शब्द सुनवायचा हक्क असतो आणि सणाला सवलतीची साखर असते. आबा फाईल परत देत म्हणाले, "मग सभासद कशाचा? गिऱ्हाईक म्हणायचं ह्याला. पंचवीस वर्सांचं पैसं आधी मोजल्यालं गिऱ्हाईक."

रंगांचं मात्र त्यांना माझ्यापेक्षा लवकर कळलं. "आमच्या पाणीपुरवठा संस्थेची पाळीच की ही. दिवसाची पाळी कुणाला आन् रातची कुणाला, सगळं भांडान तिथंच." मग हसले. "पण आमच्याकडं रातची पाळीवाल्याला पट्टी तेवढीच नसती का? हितं कमी हाय म्हणत्यात. बरं हाय की."

त्या रात्री मी नियमांची पुस्तिका काढली. बावीस पानं, इंग्रजी, बारीक टाईप. सोमवारी संक्रांत, हळदीकुंकवाचं सामान आणायचं होतं, ते सोडून मी पेन्सिल घेऊन बसले. हॉलमध्ये ऐकलेलं आणि इथे छापलेलं यांची मी वहीत दोन रकान्यांत मांडणी केली. "कधीही, कुठेही" च्या समोर छापलं होतं: उपलब्धतेनुसार. "परदेशातही जाता येईल" च्या समोर: देवाणघेवाण करणाऱ्या दुसऱ्या संस्थेचं वेगळं सभासदत्व आणि प्रत्येक वेळी वेगळी फी. "चार माणसं" च्या समोर: दोन मोठी, दोन बारा वर्षांखालची मुलं. आमची मुलगी पंधरा वर्षांची, आणि आबा-आई आले तर दुसरी खोली आलीच. एखाद्या वर्षी गेलो नाही तरी देखभाल फी भरायची. फी थकली तर बुकिंग बंद. न वापरलेल्या रात्री पुढच्या वर्षात नेता येतात, पण मर्यादा आहे. मालमत्तेत कुठलाही हक्क नाही, फक्त वापराचा. वाद झाला तर मुंबईत लवाद, म्हणजे कोर्टाऐवजी पंचाकडे जायचं. आणि एकोणिसाव्या पानावर ते कलम, ज्यात कुणाही प्रतिनिधीने तोंडी काही सांगितलं असेल तर कंपनी त्याला बांधील नाही. म्हणजे त्या हॉलमधले चार तास कायद्याच्या दृष्टीने घडलेच नव्हते.

सातव्या पानावर एक चांगलं वाक्यही होतं. सहीपासून दहा दिवसांच्या आत लेखी कळवलं तर भरलेली सगळी रक्कम परत. त्या मुलाने हे सांगितलं नव्हतं. विचारलं असतं तर सांगितलं असतं, असं मला अजून वाटतं.

मग मी तो हिशोब केला जो हॉलमध्ये करायला हवा होता, आणि मुद्दाम सोपा केला, ह्यांनाही एका नजरेत दिसावा म्हणून. ४ लाख ६० हजार बँकेत ठेवले तर तेव्हाच्या सात टक्क्यांनी वर्षाला ३२,२०० व्याज. त्यात देखभाल फी २३,०१०. बेरीज ५५,२१०, भागिले सात रात्री: एक रात्र ७,८८७ रुपयांना. जेवण वेगळं, गाडीचं पेट्रोल वेगळं. गोव्यात आम्हाला सहा हजार पडले होते.

पण इथेच थांबले असते तर मीही त्या मुलासारखंच केलं असतं, सोयीची बाजू दाखवली असती. पुढची वर्षंही मांडली. हॉटेल आणि देखभाल फी दोन्ही दहा टक्क्यांनी वाढले, तर सातव्या वर्षापासून रिसॉर्टची रात्र हॉटेलपेक्षा स्वस्त पडायला लागते. शेवटी बँकेतले ४ लाख ६० हजार माझे असतात आणि तिकडे शून्य उरतं, ते वेगळं. तरीही ज्याला दरवर्षी सातच्या सात रात्री वापरायच्याच आहेत त्याला हा व्यवहार अगदीच बुडीत नाही. सगळं त्या सातावर टांगलेलं आहे.

म्हणून मी ह्यांना म्हटलं, आपण किती रात्री बाहेर राहिलो ते काढू. फोनमधले फोटो, जुन्या डायऱ्या आणि रेल्वेची तिकिटं घेऊन आम्ही दोघं जेवणाच्या टेबलावर बसलो. इतके दिवस आम्ही एकत्र बसून काही केलं नव्हतं, ते या निमित्ताने झालं.

२०१८: मे महिन्यात केरळ, पाच रात्री. २०१९: मे महिन्यात गोवा, दोन. ऑगस्टमध्ये महापूर. माझं माहेर प्रयाग चिखलीचं. आई, दादा-वहिनी, त्यांची मुलं, शेजारची एक आजी आणि तिचं मांजर, सगळे आमच्या राजारामपुरीतल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये. त्या वर्षी दिवाळीची सुट्टी माहेरच्या घरातला गाळ काढण्यात आणि भिंती वाळवण्यात गेली. २०२०: घरात. २०२१: अर्धं वर्ष घरात आणि जुलैमध्ये पुन्हा पंचगंगा. राजाराम बंधाऱ्याची धोका पातळी ४३ फूट. पावसाळ्यात आम्ही माहेरवाशिणी सकाळी उठून दुधाच्या आधी तो आकडा बघतो, सहल कुठली ठरवणार? २०२२: हरिप्रिया एक्स्प्रेसने तिरुपती, देवस्थानच्या खोलीत दोन रात्री. दिवाळीत शेगाव, भक्तनिवास, एक रात्र. २०२३: गोवा, तीन.

देवाच्या दारातल्या तीन रात्री रिसॉर्टच्या खात्यात धरता येत नाहीत. राहिल्या दहा. सहा वर्षांत सभासदत्वाच्या ४२ रात्री झाल्या असत्या, त्यातल्या आम्ही १० वापरल्या असत्या. तोच ५५,२१० चा आकडा सहा वर्षांसाठी घेतला आणि दहाने भागला: ३३,१२६ रुपये, एका रात्रीला.

हे बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसले. मग म्हणाले, "पण पैसे भरले असते तर आपण गेलो असतो की."

हाच तो मुद्दा होता आणि तो गणिताने सुटत नव्हता. २०१९ मध्ये पैसे भरलेले असते म्हणून आई पाण्यात असताना मी कुर्गला गेले असते का? ऑर्डर अडली असती तर ह्यांनी मुन्नारहून लेथ चालवला असता का? सक्ती आमच्यावर आधीच भरपूर आहे, तिच्यात आणखी एकीची भर पडली असती, आणि हिची पावती दरवर्षी एप्रिलमध्ये आली असती. मी हे सगळं बोलले. जरा जोरात बोलले. त्यावर हे गप्प राहिले आणि कारखान्यात निघून गेले. संक्रांतीच्या आठवड्यात आमच्याकडे गोड बोलणं झालं नाही.

माझा मावसभाऊ वकील आहे, कसबा बावडा रोडवरच्या कोर्टात असतो. त्याला पुस्तिका दाखवली. तो म्हणाला, युरोपियन युनियनने २००८ च्या निर्देशात ग्राहकाला चौदा दिवसांत विनाकारण माघार घ्यायचा हक्क दिलाय. आपल्याकडे टाइमशेअरचा म्हणून वेगळा कायदा नाही, तुझे दहा दिवस तुझ्या करारात छापलेत म्हणून आहेत, तेवढेच धरून चाल. पुढे भांडण झालंच तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तू राहतेस तिथल्या, म्हणजे कोल्हापूरच्याच जिल्हा आयोगाकडे जाऊ शकतेस, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, दोन वर्षांची मुदत आहे. लवादाचं कलम असलं म्हणून ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन करून तक्रारही नोंदवता येते. "पण ताई, हे सगळं बैल गेल्यावर झोपा करण्यापैकी. तुझा बैल अजून दावणीला आहे."

त्याने आणखी एक विचारलं: न फिरता ठेवलं तर पैसे वाढवून परत देतो, असं काही म्हणाले का? नव्हते म्हणाले. ते त्याला बरं वाटलं. फिरायला जा नाहीतर व्याजासकट पैसे घ्या, असे 'हॉलिडे प्लॅन' विकणाऱ्या कंपन्यांच्या योजना सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१५ मध्ये सामूहिक गुंतवणूक योजना ठरवून बंद करायला लावल्या होत्या, आणि त्यात गावोगावच्या लोकांचे पैसे अडकले. आबांच्या गावातही एकाने पावती फाडली होती. त्याचं नाव निघालं की आबा अजून विषय बदलतात.

खरं तर निर्णय कोर्टाच्या गोष्टींनी झाला नाही, खालच्या मजल्यावरच्या काकांनी झाला. ते बँकेतून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे २०१० पासून एक सभासदत्व होतं, निळ्या रंगाचं, ही गोष्ट आम्हाला इतक्या वर्षांत माहीतच नव्हती. काका आणि काकू दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये जायचे. मधल्या वारी, गर्दी नसताना. एप्रिलमध्ये पहाटे उठून बुकिंग करायचे. डोंगरावरच्या पावसात व्हरांड्यात बसून भजी खायचे. "आपण कोल्हापूरची माणसं, पावसाला काय भ्यायचं," काका म्हणाले. खोल्या स्वच्छ, माणसं अदबीची, वसूल झालं म्हणाले. लाल रंगवाल्या त्यांच्या मित्राला मात्र मे महिन्यात हवं ते थंड हवेचं ठिकाण तीन वर्षांत एकदाही मिळालं नाही, कारण सगळ्या लालवाल्यांना तेच आणि तेव्हाच हवं असतं. काका-काकूंना वेळ भरपूर आणि हट्ट काहीच नाही. आमच्याकडे वेळ नाही आणि हट्ट सगळे.

काकांचे गुडघे गेलेत. त्यांच्या करारातली अकरा वर्षं शिल्लक होती आणि ते म्हणाले, नव्वद हजार द्या आणि नावावर करून घ्या. मी पुन्हा वही काढली. नव्वद हजारांचं व्याज ६,३०० आणि देखभाल फी आमच्यासारखीच साधारण तेवीस हजार धरली, तर रात्र सव्वाचार हजारांच्या आत येत होती. वर नाव बदलायची फी. स्वस्त! जुन्या सभासदाकडून घेतलं तर कंपनीचा हॉल, घंटा आणि टाय या सगळ्याचे पैसे वाचतात, हे मला तेव्हा कळलं. असा व्यवहार करायचा तर मागची फी थकलेली नाही असं कंपनीचं पत्र आधी घ्यावं आणि नाव बदलल्याची लेखी मंजुरी आल्याशिवाय पैसे देऊ नयेत. काकांना मध्यंतरी एक फोन आला होता, तुमचं सभासदत्व तीन लाखांना विकून देतो, आधी जीएसटीचे अठरा हजार भरा. काका बँकेतले, त्यांनी फोन ठेवला. सगळेच ठेवत नाहीत.

पण रंग निळा. जुलैमध्ये मी शाळेत आणि पंचगंगा ३९ फुटांवर. तेही सोडलं. काकांनी पुढे ते व्याह्यांच्या नावावर केलं.

मंगळवार, २३ जानेवारी, नववा दिवस. मी ईमेल लिहिला, चार ओळींचा, कारण न देता. सहीची तारीख, अर्ज क्रमांक, कलम क्रमांक आणि रक्कम परत करण्याची विनंती. तेच पत्र स्पीड पोस्टाने पाठवून पावती फाईलला लावली. फोनवर कळवलं तर चालेल असं तिकडून दोनदा सांगण्यात आलं, पण करारात 'लेखी' होतं, मी फोनवर काही बोलले नाही. संध्याकाळी मॅनेजरांचा फोन, दोन वर्षं जास्त देतो. दुसऱ्या दिवशी, तीन वर्षं. मग 'सिस्टीममध्ये तुमचा मेल दिसत नाही'. मी स्पीड पोस्टाच्या पावतीचा फोटो पाठवला, त्यानंतर मेल दिसायला लागला. २५,००० परत यायला सेहेचाळीस दिवस लागले. त्या मुलाचा एकच मेसेज आला: "मॅडम, माझा इन्सेंटिव्ह गेला. पण रीत बरोबर होती तुमची." मला वाईट वाटलं. अजून वाटतं.

त्या वर्षी कोल्हापूरला लोकसभेचं मतदान ७ मे रोजी होतं. मला निवडणुकीची ड्युटी लागली, दोन प्रशिक्षणं, मग केंद्रावर रात्रीचा मुक्काम, एका झेडपी शाळेच्या वर्गात, बाकं जोडून. हे फोनवर म्हणाले, "सुट्टीची पहिली रात्र झाली म्हणायची." इतक्या दिवसांनी त्यांनी त्या विषयावर केलेला हा पहिला विनोद.

सक्ती मात्र हवीच होती, आणि ती आमच्याकडे घरच्या घरी मिळते. जून महिन्यात आम्ही सहलीची भिशी सुरू केली. दोन जावा, एक नणंद, माझा दादा, खालचे काका आणि आम्ही, सहा घरं, महिन्याला पाच हजार. ज्याची चिठ्ठी निघेल त्याने तीस हजार घ्यायचे आणि तीन महिन्यांच्या आत कुठे तरी जाऊन यायचं, किमान तीन रात्री. आबांनी पहिली चिठ्ठी उचलली. मोठ्या जाऊबाई.

ऑगस्टमध्ये त्यांच्याकडे गेलो तर स्वयंपाकघराच्या मागे नवीन वॉशिंग मशीन. कोऱ्या खोक्यावर त्यांनी पापड वाळत घातले होते. ह्यांचा आवाज चढला, ठरलं काय होतं, तुम्ही केलं काय. आबांनी मधेच विचारलं, "कागद हाय का? न्हाई? मग कशाला वरडतोस?" बावीस पानं पेन्सिलीने वाचणाऱ्या मी आमच्या भिशीचा एकही नियम लिहिला नव्हता. मी तिथेच वही मागून घेतली आणि वर लिहिलं, कलम १: भिशीची रक्कम सहलीशिवाय इतर कारणासाठी वापरल्यास...

"वापरल्यास काय?" ह्यांनी विचारलं.

"थांबा की जरा, भाऊजी," जाऊबाई चहा ओतत म्हणाल्या. "आधी मला पण दहा दिवसांची मुदत लिहा."